प्रमिला, तू कुणालाच बाजूला काढू दिलं नाहीस

प्रमिला,

मी तुझ्यावर रागावले आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझ्या जलदानविधीला विहारात जो तो उठून तुझ्याबद्दल गोड गोड बोलत होता आणि मी मागं भिंतीला टेकून दातओठ खात बसले होते. सरपंच म्हणाले, ताईंनी गावाला रक्तदान शिकवलं. शाळेचे हेडसर म्हणाले, ताई म्हणजे मूर्तिमंत त्याग. माणूस गेलं की त्याला शेंदूर फासायची आपल्या लोकांना भारी घाई. तू त्याग वगैरे काही नव्हतीस. तू हेकट होतीस, चहात मूठभर साखर घालायचीस, आणि एकदा डोक्यात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाहीस. मलाही बोलायला सांगितलं. मी मान हलवून नको म्हटलं. तोंड उघडलं असतं तर तिथंच तुझ्याशी भांडले असते.

म्हणून आज हे लिहीत बसले आहे. लाइट गेलीय, गिरणी बंद आहे. भिंतीपलीकडं तुझ्या अंगणवाडीत नवीन बाई आलीय. गरीब आहे बिचारी, लेकरांना दटावतसुद्धा नाही. तुझा आवाज कसा गिरणीच्या आवाजावर चढायचा. "सुमे, बंद कर तुझं ते खडखड, माझी लेकरं झोपलीत!" आणि मी इकडून ओरडायची, "तुझी लेकरं झोपलीत, आन् माझी गिऱ्हाइकं काय जेवायची न्हाईत व्हय?" वीस-बावीस वर्षं आपण त्या भिंतीच्या दोन बाजूंनी अशाच बोललो. समोरासमोर बसून बोललो असू त्याहून जास्त त्या भिंतीतून बोललो.

रक्ताचं वेड तुला कधी लागलं ते मला नेमकं आठवत नाही. तुझ्या अंगणवाडीतल्या एका बाळाची आई बाळंतपणात गेली, तिथून असावं. तू त्या बाळाला कडेवर घेऊन माझ्या ओट्यावर बसली होतीस आणि म्हणालीस, "दोन पिशव्या मिळाल्या असत्या तर ह्याची माय राहिली असती. आपल्या गावात दोन पिशव्या रक्त न्हाई व्हय गं?" मी म्हटलं, "गावात आहे, पण द्यायचं कोणी?"

कारण आपल्या गावात रक्तदानाची शिबिरं होती की. एक सोडून दोन होती. फेब्रुवारीतल्या जयंतीला मंदिराच्या सभामंडपात, एप्रिलमधल्या जयंतीला तुमच्या विहारात. दोन्हीकडं मांडव, डीजे, आणि पुढाऱ्याच्या फोटोखाली हात पुढं केलेली दहा-वीस पोरं. वरच्या गल्लीतला माणूस रक्त द्यायला विहारातल्या खाटेवर झोपणार नाही, खालच्या वस्तीतला मंदिरात. त्या सगळ्या पिशव्या एकाच गाडीत, एकाच डब्यात एकमेकींना टेकून नांदेडला जात होत्या, ते कोणी मनावर घेत नव्हतं. आणि बाया तर कुठंच नव्हत्या.

तू बायांना धरलंस, आणि तेही माझ्या गिरणीत. दळणाच्या रांगेत बसलेली बाई कुठं पळून जाणार? तिथं बसून तू त्यांचं सगळं ऐकून घ्यायचीस. रक्त दिलं की हळदीच्या काढणीला वाकता येत नाही. रक्त तिकडं नेऊन विकतात. तपासणीत काही भलतंच निघालं आणि गावभर झालं तर पोरीचं लग्न मोडेल. ह्या शेवटच्या भीतीवर तू कधी हसली नाहीस. बाकीच्यांशी मात्र वाद घालायचीस. गोविंदाच्या आईशी, पारूबाईशी, झालेला तो वाद आठवतो?

"पारूबाई, तुमी रोज म्हैस पिळता. दूध आटतं का?"

"आटतं की," पारूबाई म्हणाली. "चारा न्हाई घातला तर आटतंच."

"मग चारा घाला!"

पिठानं पांढरी झालेली सगळी रांग हसली. पारूबाई नाही हसली. तिला एकच लेक, गोविंदा. ट्रॅक्टर चालवतो, दांडगा गडी आहे, पण आईच्या लेखी अजून लेकरूच. "माझं पोरगं अधू झालं तर तू पोसणार व्हय त्याला?" असं तिनं तुला तोंडावर विचारलं. 

बायांना चारा घालायचं काम तू खरंच हाती घेतलंस. पहिल्यांदा ज्या धीर करून शिबिराला गेल्या, त्यांना बोटाला सुई टोचून तिथल्या तिथं परत पाठवलं होतं. रक्त कमी आहे ताई, तुम्हाला घेता येत नाही. अपमान झाल्यासारख्या तोंडानं त्या परत आल्या आणि मनातून सुटल्यासारख्याही. तू मात्र चिडलीस. वर्षभर शेवग्याची पानं, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढई, आणि लोहाच्या त्या तांबड्या गोळ्या. कोण गोळी चुलीत टाकते ते तुला बरोबर कळायचं. "द्यायचं नंतर बघू, आधी तुमच्यात तर असू द्या," म्हणायचीस. कित्येक बायांना त्या वर्षी पहिल्यांदा जिना चढून दम लागला नाही. त्यातली एक मी. ह्यासाठी तुझे पाय धरावेत असं कितीदा मनात आलं. धरू दिले नसतेस, आणि मीही धरणारी नव्हते.

तुझं स्वतःचं मात्र कधी भरलंच नाही. दर शिबिरात तू बोट पुढं करायचीस आणि दर वेळी मान खाली घालून उठायचीस. लोक काय म्हणायचे ते तुला माहीत होतं. "दुसऱ्याला सांगत फिरती, स्वतः कधी झोपली का खाटंवर?" मला कारण ठाऊक होतं. पाळी आली की अंगावरून इतकं जायचं की तू खुर्चीत बसायची नाहीस, उभ्यानंच लेकरांना शिकवायचीस. पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि ओठ पांढरे. गर्भाशयात गाठ आहे, पिशवी काढावी लागेल, असं वसमतच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं. मी किती वेळा म्हटलं, चल, मी येते संगं. तुझं ठरलेलं. हळद निघू दे. पोरीची परीक्षा होऊ दे. शिबिर होऊ दे.

त्या शिबिराबद्दल बोलायचं आहे मला. तो वाद आपला अर्धवट राहिला.

तुझ्या डोक्यात आलं की गावाचं एकच शिबिर घ्यायचं. ना मंदिरात, ना विहारात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. ना जयंती, ना पुढारी. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बाजाराला गेली की मे महिन्यात गाव मोकळं असतं, त्या दिवसांत. सगळं गाव एका दिवशी, एका छताखाली. मला आवडलं होतं ते. फक्त एक गोष्ट मी म्हटली, आणि तीही साधीच.

आपल्या गावात ओ निगेटिव्हची माणसं चार. तू, मी, गोविंदा आणि पोस्टातून रिटायर झालेले काका. तुझा-माझा एकच गट निघाला तेव्हा तू किती खूश झाली होतीस. "आता तुला माझ्याशी भांडून चालणार न्हाई, सुमे!" तर मी म्हटलं की आम्हा तिघांना त्या दिवशी मागं ठेव. तुझं ऑपरेशन आहे. रक्त एकदा दिलं की गड्याला तीन महिने देता येत नाही, बाईला चार. उद्या तुला लागलं तर कोण देईल?

तू भडकलीस. "मागं ठेवायचं म्हंजे? तीन माणसं बाजूला काढून बसवायची?"

"बाजूला न्हाई गं. राखून."

"लोकाला काय दिसंल? वरच्या गल्लीतली सुमनबाई न्हाई झोपली, गोविंदा न्हाई झोपला. शाळेत एक झाले म्हणतेत आन् ह्यांची माणसं बाजूला बसलीत, असंच दिसंल ना?" आणि मग तू हळू आवाजात ते बोललीस. "तुझ्या सासूच्या वक्ताला ह्या गिरणीत आमचा डबा बाजूला ठेवायचे. सगळ्यांचं झाल्यावर दळायचे. माझी माय उन्हात उभी राहायची. म्या कोणाला बाजूला काढणार न्हाई सुमन. चांगल्यासाठी बी न्हाई."

सासूनं डबे कुठं ठेवले ते ह्याच ओट्यावर मी नवी नवरी असताना पाहिलं होतं. पण प्रमिला, डबा बाजूला ठेवणं आणि रक्त राखून ठेवणं ह्यात फरक होता गं. तो तुला कळत होता. हिशोबानं मी बरोबर होते आणि तू चूक होतीस, आणि तरी त्या दिवशी तुझ्यापुढं माझा हिशोब मलाच हलका वाटला.

आणि काय दिवस होता तो! खोटं कशाला बोलू. शाळेच्या बाकांवर वरची गल्ली आणि खालची वस्ती गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. मी पहिली झोपले, म्हणून माझ्या गल्लीतल्या बाया आल्या. हे तू आधीच ओळखलं होतंस. तू लिंबूसरबताचा जग घेऊन पंख्याखाली उभी होतीस आणि प्रत्येकीच्या कानात काहीतरी सांगून हसवत होतीस. पिशव्या ठेवायला नांदेडच्या रक्तपेढीवाल्यांनी आणलेला डबा पुरेना, दुसरा मागवावा लागला. पारूबाई दारात गोविंदाचा हात धरून उभी होती, सोडायलाच तयार नाही. तू तिच्यापुढं गेलीस.

"पारूबाई, एक डाव देऊ द्या. तीन महिने ह्याला कोणी सुई लावणार न्हाई, हा माझा शब्द. माझं लेकरू मरत असलं तरी न्हाई."

तेव्हा कुठं तिनं हात सोडला. त्या दिवशीही तू बोट टोचून घेतलंस, आणि त्यांनी तुला परत उठवलं. सगळ्या गावानं दिलं, तुझं तेवढं राहिलं.

जुलैत मी भिंतीपलीकडून लेकरांच्या रडण्याचा आवाज ऐकला. तुझा आवाज नव्हता, म्हणून गिरणीचा पट्टा उतरवून धावले. तू फळ्याखाली बसली होतीस, पाय लांब करून, आणि म्हणालीस, "लेकरांना बाहेर ने आधी. त्यांनी बघू नये." जीपच्या मागच्या बाकावर तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. वसमतला थांबवून घेतलं नाही, तसंच नांदेडला. तिथं तपासलं तर रक्त चार. डॉक्टर म्हणाले, इतक्या कमी रक्तावर ऑपरेशन करता येत नाही, आणि केल्याशिवाय हा रक्तस्राव थांबतही नाही. ओ निगेटिव्ह त्यांच्याकडं नव्हतं. पॉझिटिव्ह तुझ्या रक्ताशी जुळवून पाहिलं, बाळंतपणांत तुझ्या रक्तात काहीतरी तयार झालं होतं म्हणे, त्यामुळं तेही जुळेना. दुसऱ्या शहरात एक पिशवी आहे म्हणाले, मागवली आहे, वाटेत आहे.

मी दंड पुढं केला. त्यांनी बोट टोचलं. दहा. "मावशी, तुमचंच अजून भरलं नाही. तुमचं घेऊन तुम्हालाच झोपवू का आम्ही?" मी हात जोडले. मी, प्रमिला, जिनं कधी कुणापुढं हात जोडले नाहीत. मागोमाग आलेल्या पोस्टातल्या काकांनी मेमध्ये दिल्याचं सांगून टाकलं, त्यांना तर रक्तपेढीतल्या पोरानं जवळही बसू दिलं नाही.

सकाळी गाव आलं. दोन जीप आणि एक ट्रॅक्टर भरून आलं. दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली सगळे बाह्या वर सारून उभे, दोन्हीकडचे, कोण कुठला ओळखू येऊ नये असे मिसळलेले. तुला आयुष्यभर जे बघायचं होतं ते तिथं उभं होतं, आणि त्यातल्या एकाचंही तुला चालत नव्हतं. मी तुला ते सांगितलं, तेव्हा तू डोळे मिटूनच हसलीस.

गोविंदा माझ्याजवळ आला. "काकू, म्या दिलंच न्हाई म्हणून सांगतो. कोणाला कळून राहिलंय?"

मी म्हटलं, "सांग. पळ."

आणि ते पोरगं रक्तपेढीच्या माणसाला घेऊनच आलं. त्याला तुझा नमुना पुन्हा घ्यायचा होता. तुझ्या दंडाला फीत बांधता बांधता तो म्हणाला, बरं झालं, एक दाता तरी मिळाला. तू डोळे उघडलेस. गोविंदाला पाहिलंस. आणि तुझ्यात बोलायचं बळ नव्हतं म्हणतात, ते बळ तू नेमकं तिथं आणलंस.

"ह्यानं मे मधी दिलंय. ह्याचं घेऊ नका."

त्या माणसानं गोविंदाकडं बघितलं. गोविंदानं मान खाली घातली. मी तुझ्यावर ओरडले, सगळा वॉर्ड बघत होता. "गप बस ना गं! काहून असं करून राहिलीस?"

"त्याच्या मायला शब्द दिलाय," तू म्हणालीस. "मोडला तर पुन्हा कोणी हात पुढं करणार न्हाई सुमन."

दुपारी ती पिशवी आली. तोवर तुझ्यावर चादर ओढलेली होती. मी विचारलं डॉक्टरांना, गोविंदाचं घेतलं असतं तर? ते म्हणाले, तपासायला वेळ लागतो, एका पिशवीनं काय होतं, सांगता येत नाही. त्यांना सांगता येत नसेल. मला मात्र एवढंच कळतं की एक पिशवी आधी आली असती, आणि ती तू हातानं परत पाठवलीस.

आता ऐक, ज्यासाठी तू हे केलंस त्याचं काय झालं ते. गिरणीत रांग तीच आहे. बाया म्हणतात, "सबंध गावानं दिलं, आन् तिलाच मिळालं न्हाई. मग द्यायचं कशाला?" मी त्यांना समजावत नाही. मला येतं समजावता, तुझं ऐकून ऐकून पाठ झालंय सगळं. दिलेलं रक्त कुणाला तरी मिळालंच असेल, एखादी बाळंतीण वाचली असेल. पण ती बाळंतीण मी पाहिलेली नाही. मी तुला पाहिलं. तांबड्या गोळ्या पुन्हा चुलीत जायला लागल्यात. तुझ्या नावानं शिबिर घ्यायचं चाललंय, तेही दोन ठिकाणी. मंदिरातल्या बॅनरवर तुझा फोटो मोठा आहे म्हणून विहारातले अजून मोठा छापून घेणार आहेत. तुझ्या मालकांना, उत्तमभाऊजींना, दोन्हीकडून बोलावणं आहे. ते तुझ्या खाटेवर बसून असतात, कुणाला हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

मागच्या आठवड्यात माझे चार महिने पुरे झाले. सवयीनं मी आरोग्य केंद्रात जाऊन बोट टोचून घेतलं. तेरा भरलं, प्रमिला. तुझं सबंध जन्मात कधी भरलं नाही एवढं. सिस्टर म्हणाली, आता द्यायला काही हरकत नाही. मी नांदेडच्या गाडीत बसले आणि मध्येच उतरून दुसऱ्या गाडीनं परत आले. मला द्यायचं नाही. तुला दुसरं काही सांगणं जमणार नाही म्हणून खरं तेच सांगते. सुई टोचायची भीती नाही, अशक्तपणाची नाही. ते ज्या दिवशी हवं होतं त्या दिवशी ते माझ्यात नव्हतं, आणि आता ते अंगात भरून घेऊन मी हिंडते आहे, ह्याची मला चीड येते.

काल पारूबाई आली. डबा ठेवला, इकडं तिकडं बघितलं, रांगेत कोणी नव्हतं. तू गेल्यापासून ती माझ्याशी नीट बोललीच नव्हती. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "सुमन, तिनं माझं पोरगं राखलं. मरता मरता राखलं. आपलं माणूस बी कोणी असं करत न्हाई." मग डब्यातली जवारी चाचपत म्हणाली, "गोविंदा म्हणतोय, पुन्हा द्यायचं. म्या न्हाई म्हणणार न्हाई ह्या डावाला. पर तू आधी झोप. मागल्या टायमाला बी तूच पहिली झोपलीस. तू देतीस ना गं?"

मी पट्टा चढवला आणि गिरणी चालू केली. काही ऐकू येत नाही असं दाखवलं. जवारी सगळी दळून झाली, पीठ डब्यात भरलं, झाकण लावलं, डबा तिच्यापुढं सरकवला. मग दळायला काहीच उरलं नाही, तरी मी गिरणी बंद केली नाही. पारूबाई डब्यावर हात ठेवून माझ्या तोंडाकडं बघत तिथंच बसून होती.